दादाची आंघोळ कुणाच्या सोयीने? (बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या आधारसेवांबद्दल)

पाऊलवाट

माझा दादा ३८ वर्षांचा आहे, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. दिवसा तो एका केंद्रात जातो आणि गेली दोन वर्षं सकाळी घरी एक मदतनीस येतात. आईबाबा थकलेत, म्हणून ही सोय केली.

गेले काही महिने दादा सकाळी आंघोळीला जायला तयार नसायचा. ओरडायचा, दाराची चौकट धरून बसायचा. केंद्राच्या वहीत "सकाळी आक्रमक" असा शेरा रोज पडायला लागला. तिथून सुचवलं गेलं की डॉक्टरांना दाखवून शांत राहण्याचं औषध सुरू करा. मी रजा काढली आणि चार दिवस काहीही न बोलता नुसतं पाहत बसले.

दादा रात्री साडेअकरापर्यंत रेडिओ ऐकतो. दिवसभरातली ही एकच गोष्ट पूर्णपणे त्याची आहे. केंद्राची गाडी पावणेआठला येते, पण मदतनीसांना नंतर दुसऱ्या घरी जायचं असतं म्हणून त्या सव्वासहाला येतात. म्हणजे गाढ झोपेतून उठवून दहा मिनिटांत पाण्याखाली उभं करायचं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्यासमोर टॉवेल धरला आणि विचारलं, "आंघोळ आत्ता, की सकाळी?" त्याने टॉवेल माझ्या हातातून ओढून घेतला आणि न्हाणीघरात गेला. त्या दिवसापासून आंघोळ संध्याकाळी. ओरडणं थांबलं. औषध सुरू करावं लागलं नाही.

मला अजून झोप लागत नाही ती वेगळ्या कारणाने. दोन वर्षांत त्याला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. केंद्राने नाही, मदतनीसांनी नाही, आईबाबांनी नाही, आणि मीही नाही. तो मोठा माणूस आहे हे आम्ही सगळे विसरलो होतो. केंद्रात अजूनही त्याला "बाळ" म्हणतात.

सेवा मिळणं हीच मोठी गोष्ट आहे हे मला कळतं. पण मिळालेली सेवा चांगली आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? मला वाटायला लागलंय की किती तास, किती थेरप्या, किती सुरक्षित यापेक्षा एकच गोष्ट आधी बघावी: त्याच्या दिवसात त्याने स्वतः ठरवलेलं काय आहे? पालक, भावंडं, शिक्षक, या क्षेत्रात काम करणारे, सगळ्यांचे अनुभव हवे आहेत. कृपया "मतिमंद" हा शब्द या धाग्यावर वापरू नका.

अबोली

मुलगी ११ वर्षांची आहे, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही. शाळा आहे तोवर सगळं कसंबसं चाललंय. १८ नंतर शाळा संपते आणि पुढे कडाच आहे असं मोठ्या मुलांचे पालक सांगतात. वाचतेय, लिहीत राहा.

रेघोट्या

विशेष शिक्षिका आहे, १९ वर्षं झाली. पाऊलवाट, तुम्ही टॉवेल समोर धरून विचारलंत हे फार बरोबर केलंत, आणि का बरोबर ते इथे लिहिते, कारण "आम्ही विचारतो हो, तो प्रत्येकाला हो म्हणतो" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलंय.

तो हो म्हणतो, कारण त्याला लहानपणापासून हो म्हटल्यावर शाबासकी मिळालेली असते. यावर १९८१ मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला होता. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना हो-नाहीचे प्रश्न विचारले, आणि मग तोच प्रश्न उलटा करून विचारला. दोन्हींना "हो" म्हणणारे पुष्कळ निघाले. म्हणजे "तुला केंद्रात आवडतं ना?" या प्रश्नाच्या उत्तरावर कुठलाही निर्णय उभा करू नये. "हे की ते" असं विचारलं आणि सोबत वस्तू किंवा चित्र असलं, तर उत्तर जास्त भरवशाचं येतं. मग दुसऱ्या दिवशी त्याच दोन गोष्टींची जागा बदलून पुन्हा विचारायचं, कारण बरेचजण शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात.

आणि थांबायचं. हे सगळ्यात अवघड. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण दोन सेकंदांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न अर्धा उलगडलेला असतो, तो पुसला जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. आपल्याला वाटतं, त्याला कळलं नाही.

अबोली, मुलगी बोलत नसेल तर संवादफलक, चित्रं, टॅबलेटवरचं बोलणारं ॲप यांसाठी "आधी अमुक जमू दे" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यासाठी किमान पात्रता अशी काही नसते. आणि चित्रं दिली तर बोलणं मागे पडेल ही भीतीही खरी नाही. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढलेलं दिसलंय. एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. मोठ्या माणसाने मुलाचा हात धरून टाईप करवून घेण्याची एक पद्धत आहे. १९९० च्या दशकात तिच्या चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं चित्र दाखवलं, तर उत्तर हात धरणाऱ्याच्या चित्राचं यायचं. धरणारे खोटं वागत नव्हते, त्यांना स्वतःलाही ते कळत नव्हतं. म्हणूनच ती धोक्याची आहे: आपलाच आवाज आपण त्याचा समजून बसतो.

सुकाणू

सगळ्यांची माफी मागून वेगळं मत मांडतो. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. निवड, निवड असं सगळे म्हणतात. त्याची निवड विचाराल तर तो भर रस्त्यात गाड्या बघायला उभा राहील. तीन वर्षांपूर्वी तो सात तास हरवला होता. ते सात तास आम्ही दोघांनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. त्यानंतर आम्ही त्याला एका निवासी संस्थेत ठेवलं. कुलूप आहे, कुंपण आहे, वेळच्या वेळी सगळं होतं. मी ६१ चा आहे. माझ्या पश्चात तो जिवंत आणि सुरक्षित असावा एवढंच मला हवंय. आंघोळ सकाळी की संध्याकाळी हा प्रश्न ज्यांच्या घरी माणूसबळ आहे त्यांचा आहे.

मंद्रसप्तक

सुकाणू, तुमचे सात तास मी नाकारत नाही. ३१ वर्षं समाजकार्यात काढली, त्यातली निम्मी मोठ्या निवासी संस्थांमध्ये. तुमच्यासारख्या आईवडिलांना मी स्वतः सांगत असे, "निश्चिंत राहा." म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बेंग्ट निरये या स्वीडिश कार्यकर्त्याने १९६९ मध्ये एक विचार मांडला, त्याला सामान्यीकरणाचं तत्त्व म्हणतात. नाव ऐकून वाटतं की माणसाला "नॉर्मल" करायचंय. तसं अजिबात नाही. त्याचं म्हणणं होतं की परिस्थिती इतरांसारखी असावी. आणि त्याने सुरुवात कशापासून केली? दिवसाच्या लयीपासून. उठणं, कपडे घालणं, झोपणं, हे इतर मोठी माणसं करतात त्या वेळेला. कर्मचारी कमी आहेत म्हणून तिशीच्या माणसाला संध्याकाळी सहाला अंथरुणात घालायचं नाही. मग आठवड्याची लय: राहणं एकीकडे, काम दुसरीकडे, मौज तिसरीकडे. मग वर्षाची. दादाच्या आंघोळीचा प्रश्न क्षुल्लक नाही. अर्ध्या शतकापूर्वी या सगळ्या सुधारणेची सुरुवात नेमकी तिथून झाली.

आता कुंपणाबद्दल. न्यूयॉर्कमध्ये विलोब्रूक नावाची सरकारी संस्था होती. ४,००० जणांसाठी बांधलेली. १९६५ पर्यंत तिथे ६,००० हून अधिक जण राहत होते. १९७२ मध्ये एका दूरचित्रवाणी पत्रकाराने आत कॅमेरा नेला तेव्हा बाहेरच्या जगाने ते पाहिलं: उघडी मुलं, घाण, एकेका कर्मचाऱ्यावर डझनावारी मुलांचा भार. तिथल्या पालकांनी खटला भरला आणि १९८७ मध्ये ती कायमची बंद झाली. त्या पालकांनीही मुलांना प्रेमाने, सुरक्षिततेसाठीच तिथे ठेवलं होतं. मी तुमच्या संस्थेला त्या रांगेत बसवत नाही. एवढंच सांगतो की कुंपण बाहेरच्या धोक्यापासून वाचवतं, आतल्या धोक्यापासून वाचवते ती बाहेरच्या माणसांची ये-जा. तुम्ही न कळवता भेटायला जाऊ शकता का? मुलाच्या खोलीपर्यंत? त्याला तुमच्याशिवाय बाहेरचं कुणी भेटतं का? हे तीन प्रश्न विचारून बघा.

रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये "जोखमीची प्रतिष्ठा" असा शब्द वापरला. जोखीम सगळी काढून टाकली की माणसाचं माणूसपण त्याबरोबर जातं, असा त्याचा आशय. याचा अर्थ तुमच्या मुलाला रस्त्यावर सोडा असा नाही. त्याला गाड्या बघायला आवडतात ना? मग आठवड्यातून दोनदा, कुणी तरी सोबत, एका ठरलेल्या सुरक्षित ठिकाणाहून अर्धा तास गाड्या बघणं हे त्याच्या आधार योजनेत, म्हणजे त्याला कोणती मदत कशी द्यायची ते लिहिलेल्या कागदात, आहे का? हरवल्यावर आपण त्याचं बाहेर जाणं बंद करतो. तो कशाकडे गेला होता, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

आणि एक गोष्ट कबूल करतो, कारण ती सुधारणावाद्यांना ऐकायला आवडत नाही. मोठी संस्था बंद करून चार-पाच जणांचं छोटं घर काढलं की आपोआप सगळं बदलतं असं नाही. ब्रिटनमध्ये जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हे तपासलं. छोट्या घरांतही माणसं दिवसाचे तासन् तास नुसती बसलेली आढळली. फरक पडायचा तो कर्मचारी काय करतात यावर. कपडे वाळत घालताना कर्मचाऱ्याने स्वतः भराभर घातले की त्या माणसाच्या हातात एक चिमटा दिला? तेवढ्यावर. या पद्धतीला ते सक्रिय आधार म्हणतात, आणि ती शिकवता येते.

सुकाणू

मंद्रसप्तक, न कळवता जाता येत नाही. रविवारी, बाहेरच्या खोलीत, एक तास. हे मला आजवर खटकलं नव्हतं. उद्या विचारतो.

स्टेथो

फिजिशियन आहे. पाऊलवाट, तुम्ही औषधाऐवजी चार दिवस बसून पाहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडून नेमकं हेच होत नाही.

वैद्यकात एक चूक इतकी नित्याची आहे की तिला नाव दिलं गेलंय. १९८२ मध्ये स्टीव्हन रायस आणि सहकाऱ्यांनी ती मांडली: निदानाची सावली. रुग्णाच्या कागदावर "बौद्धिक अक्षमता" लिहिलेलं असलं की बाकी सगळी लक्षणं त्या सावलीत दिसेनाशी होतात. डोकं आपटतो, "तो असाच आहे". हात चावतो, "तो असाच आहे". मी शिकाऊ असताना एका तरुणाला स्वतःच्या गालावर मारतो म्हणून आमच्या विभागाने तीन आठवडे गुंगीचं औषध दिलं. अक्कलदाढ सडली होती. दाढ काढली, मारणं थांबलं. तो बोलू शकत नव्हता, पण गेले तीन आठवडे तो नेमकी जागा दाखवत होता. मला ते आयुष्यभर विसरता येणार नाही.

म्हणून: वागण्यात अचानक बदल झाला की आधी दुखणं शोधा. दात, कान, आम्लपित्त, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, मुलींमध्ये पाळीचं दुखणं. बद्धकोष्ठता ऐकायला साधी वाटते, पण बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये ती जीवघेणी ठरल्याची उदाहरणं आहेत, कारण पोट दुखतंय हे सांगता येत नाही आणि काही मानसिक औषधांमुळे ती आणखी वाढते.

औषधांबद्दल. इंग्लंडमध्ये २०१५ साली काढलेल्या अंदाजानुसार बौद्धिक अक्षमता असलेले ३०,००० ते ३५,००० प्रौढ रोज मानसिक आजारांवरची औषधं घेत होते, तो आजार नसताना. २०१६ पासून तिथे ही औषधं कमी करण्याची मोहीम चालू आहे. पण ही माहिती वाचून कुणी घरच्या घरी गोळी बंद करू नका. अचानक बंद केल्यास त्रास होतो, फिट्सची औषधं असतील तर जिवाला धोका असतो. डॉक्टरांना एवढं विचारा: ही गोळी नेमक्या कोणत्या आजारासाठी, कधी सुरू झाली, आणि गरज आहे का हे पुन्हा कधी तपासायचं? उत्तर लिहून घ्या.

दादासाठी खास. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड मंदावणं, झोपेत श्वास अडणं, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू हे नेहमीपेक्षा बरंच जास्त आणि लवकर दिसतं. सकाळी उठवत नाही याचं कारण रेडिओ असेलही, पण तो घोरतो का, घोरताना मध्येच थांबतो का, तेही बघा. थायरॉईडची रक्ततपासणी दरवर्षी. अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान २५ च्या आसपास होतं, आज ते ६० च्या घरात आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, पण सेवा अजून मुलांसाठीच बांधलेल्या आहेत. अल्झायमरशी संबंधित एक जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं आणि डाऊन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, त्यामुळे चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची शक्यता खूप वाढते. आत्ताच, तो बरा असताना, त्याला काय काय जमतं याची नोंद आणि व्हिडिओ करून ठेवा. पुढे काही बदललं तर कशाशी तुलना करायची ते हातात असेल. आणि विस्मरण वाटलं तर आधी थायरॉईड, कान आणि नैराश्य तपासा. ते बरं करता येतं.

दुपारपाळी

मी तुमच्या त्या सव्वासहाला येणाऱ्या मदतनीसांसारखीच आहे. नऊ वर्षं हे काम करते. मला राग नाही आला, पण आमची बाजू कुणी लिहिणार नाही म्हणून लिहिते.

सव्वासहाची वेळ त्यांनी ठरवली नसणार. एजन्सी चार घरं देते, मधला प्रवास मोजत नाही. एका घरात पंचेचाळीस मिनिटं. पंचेचाळीस मिनिटांत मी कुणाला शर्टाची बटणं स्वतः लावू देऊ शकत नाही. माझ्या हातांनी ती वीस सेकंदांत लागतात, त्याच्या हातांनी सहा मिनिटं. मला ठाऊक असतं की त्याला येतात. मी त्याचे हात बाजूला करते आणि स्वतः लावते. रोज. त्याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या दिवशी मला काय माहिती मिळते सांगू? नाव, वय, औषधांची यादी, आणि "हट्टी आहे", "चावतो" असं एखादं वाक्य. एका ठिकाणी आधीच्या मदतनीस बाईंनी मात्र स्वतःच्या अक्षरात एक पान लिहून ठेवलं होतं. "डाव्या बाजूने जवळ जा, उजव्या कानाने ऐकू येत नाही. केस ओले झालेले आवडत नाहीत, टोपी दाखवलीत की तयार होतो. खिडकीकडे बघत राहिला तर रागावलेला नाही, विचार करतोय." त्या एका पानाने माझे सहा महिने वाचले. त्याचेही. प्रत्येक माणसाजवळ असं पान असावं, आणि ते त्याच्यासोबत बसून लिहावं.

आम्ही टिकत नाही ही तक्रार सगळे करतात. अमेरिकेत राज्यांच्या पाहण्यांत दरवर्षी या कामातले सुमारे ४० टक्के लोक काम सोडतात असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. पगार कमी, बढती नाही, आणि चूक झाली तरच वरिष्ठांचा फोन. ज्या माणसाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला तीन महिने लागतात त्याच्या आयुष्यात वर्षाला तीन चेहरे येतात. मग तो जीव लावायचं सोडून देतो. आम्ही त्याला "आता शांत झालाय" म्हणतो. सेवा सुधारायची असेल तर आम्हाला धरून ठेवा, बाकी नंतर.

पाऊलवाट

दुपारपाळी ताई, तुमचं पोस्ट मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही त्या मदतनीसांना आजवर एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला कोणती वेळ बरी पडते.

मीच_लिहितो

मी ३३ वर्षांचा. मला बौद्धिक अक्षमता आहे. मी मोबाईलवर बोलून लिहितो. चुका बहिणीने नीट केल्या. शब्द माझे आहेत.

तुम्ही खूप मोठं लिहिता. मला मोबाईलने वाचून दाखवलं. दोनदा.

मी कार्यशाळेत जातो. नऊ वर्षं लिफाफे चिकटवतो. ते म्हणतात प्रशिक्षण चालू आहे. प्रशिक्षण कधी संपतं?

माझ्याबद्दल मीटिंग होते. मी तिथे बसतो. सगळे माझ्या बहिणीशी बोलतात. माझ्याशी बोला.

मला कुलूप आवडत नाही. मला फोन आवडतो. हरवलो तर फोन करतो. मला ते शिकवलं. दोन वर्षं लागली. आता येतं.

रेघोट्या

मीच_लिहितो, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. मी माझं म्हणणं छोटं करते.

तुमचा प्रश्न बरोबर आहे. नऊ वर्षांचं प्रशिक्षण हे प्रशिक्षण नाही. पुढच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. मीटिंगआधी बहिणीसोबत तीन गोष्टी लिहा: काय आवडतं, काय नको, काय शिकायचंय. मीटिंगमध्ये आधी तुम्ही बोला. बाकीचे नंतर.

१९७४ मध्ये अमेरिकेत ओरेगन इथे तुमच्यासारख्याच लोकांनी स्वतःची संघटना काढली. त्यांनी नाव ठेवलं "पीपल फर्स्ट". आम्ही आधी माणसं आहोत, असा अर्थ. सभा ते स्वतः चालवतात.

(बाकीच्यांसाठी, "तो शिकेल का" या प्रश्नाबद्दल. १९७० च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन शिक्षकाने संरक्षित कार्यशाळांत, म्हणजे फक्त दिव्यांगांसाठीच्या कामाच्या जागी बसलेल्या, "यांना काही जमणार नाही" असा शिक्का बसलेल्या लोकांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला. फार कमी बोलून. काम लहान पायऱ्यांत तोडलं, आणि एखादी पायरी जमेना तर माणसाला दोष न देता पायरी बदलली. त्यानंतरच्या काळात "आधी तयार करा, मग काम द्या" ऐवजी "आधी खऱ्या कामावर लावा, मग तिथेच शिकवा" असा प्रवाह आला. शिकवणारा सोबत जातो आणि हळूहळू मागे सरतो. कार्यशाळेत आयुष्यभर तयारी करत बसण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो, कारण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लागू करणं हीच तर या लोकांची मुख्य अडचण आहे.)

कलम_आणि_कागद

वकील आहे. धाग्यात एक मोठा विषय अजून आला नाही, तो म्हणजे सही.

मूल १८ चं झालं की पालक घाईने कायदेशीर पालकत्व घेतात. बँक मागते, रुग्णालय मागतं, म्हणून. पण संपूर्ण पालकत्व घेतलं की कुठे राहायचं, कुणाला भेटायचं, कुठली शस्त्रक्रिया करायची, सगळ्यावर दुसऱ्याची सही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करारनामा २००६ मध्ये संमत झाला. त्याचं १२ वं कलम म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरण्यासाठी लागेल तो आधार राज्याने द्यावा. १९ वं कलम म्हणतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क इतरांइतकाच आहे.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. पेरूने २०१८ मध्ये दिव्यांग प्रौढांवरचं पालकत्व कायद्यातून काढलं आणि आधार देणाऱ्या व्यक्तीची तरतूद केली. आयर्लंडमध्ये एप्रिल २०२३ पर्यंत १८७१ चा वेडेपणाविषयीचा कायदा लागू होता, त्याची जागा पायऱ्यापायऱ्यांच्या आधाराने घेतली: काहींना फक्त कागद समजावून सांगणारा लागतो, काहींना सोबत निर्णय घेणारा, फार थोड्यांना न्यायालयाने नेमलेला प्रतिनिधी. स्वीडनमध्ये १९९४ पासून लागू असलेल्या कायद्यात दहा प्रकारचे आधार हक्क म्हणून मागता येतात, त्यात घरच्यांना विसावा मिळावा म्हणून तात्पुरता मुक्काम आहे आणि एक "संपर्क व्यक्ती"ही आहे, जिचं काम मैत्रीच्या जवळ जाणारं आहे. मला ते फार आवडतं, कायद्याने एकटेपणाची दखल घेतली आहे.

सुकाणू, तुमच्या पश्चात काय, याबद्दल. मृत्युपत्रात आणि न्यासात पैसा ठेवता येतो, पण पैसा मुलाला ओळखत नाही. त्याला ओळखणारी चार-पाच माणसं आत्ता, तुम्ही असताना, वर्षातून दोनदा एकत्र बसवा. चुलतभाऊ, शेजारी, जुने शिक्षक, कुणीही. माझ्या अनुभवात आईवडील गेल्यानंतर ज्यांचं बरं चाललं त्यांच्यामागे असं वर्तुळ होतं. ज्यांच्यामागे फक्त बँकेतलं खातं होतं त्यांच्या फायली माझ्याकडे येतात.

अबोली

कलम_आणि_कागद, भावंडांवर हे सगळं टाकणं बरोबर आहे का? मोठा मुलगा १४ वर्षांचा आहे. तो आत्तापासून म्हणतो, "मी परगावी कॉलेजला जाणार नाही, तिचं कोण बघणार." मी त्याला काय सांगू तेच कळत नाही.

पाऊलवाट

अबोली, हे मी सांगू शकते. त्याला सांगा, जा. आणि हे एकदा सांगून चालत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मला कुणी सांगितलं नाही. मी १६ ची असताना ठरवून टाकलं होतं की दादा माझी जबाबदारी, आणि बरीच वर्षं मी त्याची बहीण नव्हतेच, राखण करणारी होते. दादालाही ते कळायचं. आता मदतनीस आल्यावर मी त्याच्या शेजारी बसून रेडिओ ऐकते आणि आम्ही भांडतो, कुठलं स्टेशन लावायचं यावर. चांगल्या सेवेने मला माझा भाऊ परत दिला. म्हणून तर ती सुधारावी यासाठी जीव तुटतो.

पाऊलवाट

पाच आठवड्यांनी लिहितेय. थायरॉईड तपासला, थोडा कमी निघाला, गोळी सुरू झाली. घोरण्यासाठी झोपेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. केंद्रात "बाळ" म्हणू नका असं लेखी दिलं. काही जणांनी बदललं, एका ताईंच्या तोंडून अजून निघतं.

आमच्या मदतनीसांना वेळेबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, संध्याकाळी पाच त्यांना सोयीचं होतं, पण कुणी विचारलं नाही. मात्र एजन्सीने संध्याकाळची पाळी द्यायला नकार दिला आणि त्यांनी ते कामच सोडलं. वाईट वाटलं. दादा तीन दिवस दाराकडे बघत होता.

नवीन मदतनीस निवडायला या वेळी दादा बसला. दुपारपाळी ताईंनी सांगितलेलं एक पान आम्ही दोघांनी मिळून केलं होतं, निम्मं चित्रांचं. दोघीजणी भेटायला आल्या. पहिल्या बाई पूर्ण वेळ आईशी बोलल्या. दुसऱ्या आल्या त्या दादासमोर बसल्या, पान हातात घेतलं आणि रेडिओच्या चित्रावर बोट ठेवून थांबल्या. मी मनात दहापर्यंत मोजलं. दादाने विचारलं, "बंद करणार?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तेव्हा."

दादाने मान हलवली आणि त्यांना स्वतःची खोली दाखवायला घेऊन गेला. सोमवारपासून त्या येतात, संध्याकाळी.

सुकाणू

पाऊलवाट, ते पान कसं केलंत, नमुना इथे टाकाल का? नाव, फोटो काढून टाका. संस्थेने खोलीपर्यंत जायला परवानगी दिलीय, आधी नाही म्हणाले, मग मीच_लिहितो यांचं पोस्ट छापून नेलं. शनिवारी मुलासोबत बसून पान करायचंय. गाड्यांची चित्रं आणून ठेवलीत.